सीतेच्या वेणीची कैफियत

ज्या झाडाच्या टोपलीत माती नाही असे झाड घराच्या दर्शनी भागी टांगून ठेवणे हा अद्याप कोणत्याही कायद्याने अपराध ठरलेला नसला, तरी कोल्हापुरातील आमच्या वसाहतीत तो अपराधच समजला जातो, आणि त्याची सुनावणी फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक मनुष्यासमोर नव्याने होते. पोस्टमन असो, दूधवाला असो, मंडळाची वर्गणी मागणारी मुले असोत किंवा सौभाग्यवतींच्या भिशीतील भगिनी असोत, आलेला मनुष्य आपल्या येण्याचे प्रयोजन क्षणभर विसरून व्हरांड्यात टांगलेल्या त्या टोपलीकडे पाहतो, खाली वाकून तिचा तळ न्याहाळतो, फटींतून बाहेर लोंबणाऱ्या पांढुरक्या मुळ्या बोटाने हलवून बघतो आणि मग माझ्याकडे वळून, पंचनाम्याला आलेल्या अंमलदाराच्या गांभीर्याने विचारतो, "माती कुठे आहे?"

"याला माती लागत नाही."

"लागत नाही म्हणजे?"

"म्हणजे हे हवेवर जगते."

येथे काही काळ शांतता पसरते. ज्याने जन्मात कधी तुळशीलाही तांब्याभर पाणी घातले नाही असा गृहस्थसुद्धा अशा वेळी त्या वनस्पतीविषयीच्या करुणेने भरून येतो, आणि निरोप घेऊन फाटकापर्यंत पोचल्यावर तेथून मागे वळून हळूच म्हणतो, "तरी पण थोडी घालून बघा."

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी मात्र सल्ल्यावर थांबल्या नाहीत. एके दिवशी सकाळी बाहेर येऊन पाहतो तो टोपली काठोकाठ काळ्या मातीने भरलेली, तीवर शेणखताचा जाड थर आणि शेजारी पदराला हात पुसत मावशी उभ्या.

"बिचारीच्या मुळ्या उघड्या पडल्या व्हत्या, सायेब. कुणाचं ध्यानच न्हाई. म्या झाकल्या."

त्यांच्या मुद्रेवरील ते कृतार्थ समाधान पाहून माझ्याने एक शब्दही बोलवेना. दुपारी त्या गेल्यावर आम्ही उभयतांनी मिळून एकेक मुळी धुऊन मोकळी केली. दुसऱ्या दिवशी माती अदृश्य झालेली पाहून मावशींनी मांजराला मनसोक्त शिव्या दिल्या आणि पुन्हा टोपली भरली. हा व्यवहार पुढे किती काळ चालला असता ते सांगवत नाही. परंतु शेजारचे मांजर नाहक मार खाऊ लागले तेव्हा सौभाग्यवतींनी मावशींना बाजूला घेऊन, या झाडाला माती घालायची नाही असा आमच्या घराण्याला नवस आहे, असे सांगितले. शास्त्रीय कारण जे मला साधले नाही ते नवसाने एका क्षणात साधले.

वस्तुतः ही वनस्पती दुर्मीळ नव्हे आणि लहरी तर मुळीच नव्हे. सीतेची वेणी ही आमरींच्या कुळातील. सह्याद्रीच्या घाटांत, कोकणात, गोव्यात आणि पुढे पूर्वेला आसामपासून थेट जावा-फिलिपाईन्सपर्यंत ती मोठमोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर मुक्काम ठोकून असते. बांडगूळ ज्या झाडावर बसते त्याच्या लाकडात तोंड खुपसून त्याचा रस पिते. ही बाई मात्र फक्त बसण्यापुरती जागा मागते, आणि पावसाचे पाणी, रात्रीचे दव, खोडावरून ओघळणारा पालापाचोळ्याचा अर्क व वाऱ्याने आणलेली धूळ एवढ्यावर आपला संसार चालवते. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत पहिलीला परोपजीवी आणि दुसरीला अपिवनस्पती म्हणतात. माझे सावंतवाडीकडील मेहुणे मात्र दोघींनाही एकाच वर्गात बसवतात, आणि तो वर्ग म्हणजे बंबाचे जळण.

त्यांच्याच परसातील एका जुन्या आंब्याची फांदी वळवाच्या वादळात कोसळली होती, आणि तिच्यावर सीतेच्या वेणीची दोन जाडजूड रोपे होती. मी ती मागितली तेव्हा मेहुण्यांनी कुऱ्हाड खाली ठेवून माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की त्यांना आपल्या भगिनीच्या भवितव्याची चिंता वाटू लागली असावी.

"भावोजीनू, ह्यां बांडगूळ कित्याक व्हया तुमका? हापूसाचां कलम न्हेवा ना!"

मी त्यांना वरील फरक समजावून सांगितला. त्यांनी तो संपूर्ण ऐकून घेतला आणि आपल्या मुलाला हाक मारून सांगितले, "अरे, ह्यां बांडगूळ भावोजींका गोणपाटात बांधून दी."

ओल्या गोणपाटातील ती फांदी मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसलो. घाट चढण्यापूर्वीच वाहकाने गोणपाटाला काखेतल्या पेटीचा कोपरा लावून चौकशी आरंभली.

"आजोबा, जळण आणलंय व्हय? सामानाचं तिकीट पडंल."

"हे जळण नव्हे. जिवंत आहे."

"जिवंत हाय?" तो दोन पावले मागे सरला. "मग आधी सांगायचं की. जिवंत जनावराला गाडीत परवानगी न्हाई."

"जनावर नाही हो, वनस्पती आहे. ऑर्किड."

"मग पाणी का गळतंय?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि माझ्या शेजारी बसलेल्या ज्या गृहस्थाच्या धोतरावर ते गळत होते त्याच्याजवळ फक्त तक्रार होती. शेवटी जळण म्हणून तिकीट फाडण्याच्या तडजोडीवर प्रकरण मिटले, आणि ज्या वनस्पतीला मी बंबातून वाचवून आणले होते तिचा कोल्हापुरात प्रवेश सरकारी कागदोपत्री जळण म्हणूनच झाला.

उभी हयात मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून काढल्यामुळे, ज्या विषयाची फाईल नाही तो विषय अस्तित्वातच नाही, अशी माझी धारणा झालेली आहे. सबब घरी पोचताच प्रथम एक कोरी फाईल घेऊन तिच्यावर 'विषय: सीतेची वेणी, संगोपन व बंदोबस्त' असे वळणदार अक्षरांत लिहिले आणि मग वाचनालयातून पुस्तके आणली. त्यांत असे आढळून आले की या वनस्पतीचे दप्तर माझ्या फाईलपेक्षा बरेच जुने आहे. सतराव्या शतकात कोचीनला डच कंपनीचा अधिकारी असलेल्या व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' नावाचा जो बारा खंडांचा ग्रंथ करविला, आणि जो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापून निघाला, त्याच्या बाराव्या खंडात हिचे चित्र आहे. आणि त्या ग्रंथाच्या कामी मदत करणाऱ्या मंडळींत इट्टी अच्युतन या वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट असे तीन कोंकणी ब्राह्मणही होते, ज्यांनी आपण केलेल्या कामाचा रीतसर दाखला १६७५ साली नागरी अक्षरांत लिहून दिला व तो पहिल्या खंडात जसाच्या तसा छापला गेला. हे वाचताना माझा ऊर भरून आला. वनस्पतीमुळे नव्हे, दाखल्यामुळे.

पुढे १७५३ साली स्वीडनच्या लिनेअसने हिंदुस्थानात पाऊलही न टाकता त्याच ग्रंथाच्या आधाराने हिची नोंद घातली, आणि १८२५ साली ब्लूम नावाच्या शास्त्रज्ञाने त्या नोंदीत फेरफार करून तिला 'ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा' या आजच्या नावाने वेगळ्या खात्यावर चढवले. प्रत्यक्ष स्थळपाहणी न करता दप्तरी नोंद घालण्याची पद्धत आमच्याच कचेरीने शोधून काढली असा माझा जो समज होता, तो येथे दूर झाला.

संगोपनाविषयी पुस्तकांचे एकमत होते, आणि ते एकमत इतके थोडक्यात होते की मला त्याचा संशय आला. भरपूर खेळती हवा, गाळून आलेला प्रकाश, सकाळी पाणी, संध्याकाळपर्यंत मुळ्या कोरड्या, हिवाळ्यात पाण्याला आवर, अतिशय पातळ खत, आणि एकदा बसवल्यावर उगाच हलवाहलव नाही. एवढेच. म्हणजे ज्या गोष्टी करायच्या त्यांपेक्षा न करायच्याच अधिक. आणि न करण्याच्या गोष्टी अंमलात आणणे किती कठीण असते हे एकत्र कुटुंबात राहिल्याशिवाय कळत नाही.

इंग्रजांची तर याच कामी मोठी फजिती झालेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उष्ण कटिबंधातील ऑर्किडे विलायतेत नेली जाऊ लागली तेव्हा तेथील बागवानांनी असा तर्क केला की ज्याअर्थी ही झाडे हिंदुस्थानसारख्या देशातून येतात त्याअर्थी त्यांना उकाडा हवा असणार. आणि त्यांनी ती काचेच्या बंद घरांत कोंडून, खाली भट्ट्या पेटवून, वाफ सोडून, चहूकडून फटी बुजवून शिजवून काढली. सरदार-उमरावांनी मोठमोठ्या रकमा मोजून आणलेली हजारो झाडे अशा रीतीने सन्मानपूर्वक मारली गेली. पुढे डेव्हनशरच्या ड्यूकच्या पदरी असलेल्या पॅक्स्टन नावाच्या बागवानाने चॅट्सवर्थच्या काचघरात वारा खेळू दिला, प्रत्येक झाडाच्या मूळ ठिकाणची हवा कशी असते याची चौकशी केली, आणि झाडे जगू लागली. या ड्यूकचा ऑर्किडांचा शौक असा की १८३५ साली त्याने गिब्सन नावाच्या आपल्या एका माळ्याला खास झाडे आणण्यासाठी कलकत्त्यामार्गे खासी टेकड्यांत धाडले. तो माळी गोणपाट घेऊन कोणत्या वाहनाने गेला आणि त्याला सामानाचे तिकीट पडले की नाही, याविषयी मात्र पुस्तके मूग गिळून आहेत.

हा सर्व इतिहास वाचून झाल्यावर मी एका रोपासाठी टोपली करावयास टाकली. सुताराला मापे दिली, सागवानी पट्ट्या दिल्या, आणि दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवावी म्हणजे मुळ्यांना वारा लागेल, असे निक्षून सांगितले. त्याने मान डोलावली. तिच्यात होकारापेक्षा सहानुभूतीच अधिक होती. आठवड्याने टोपली आली ती अशी की तीतून पाण्याचा थेंब गळू नये.

"फटी?"

"बुजवल्या की, साहेब. लांबी भरून रंधा मारला. अहो, फटी ठेवलेलं काम माझ्या हातचं म्हणून तुम्ही दारात टांगणार. उद्या माझ्याकडं कोण येईल?"

कसबी माणसाच्या अब्रूचा प्रश्न आला की ऑर्किडाच्या मुळ्यांना दुय्यम स्थान मिळणे न्याय्यच होते. तथापि दुप्पट मजुरीच्या आणि 'हे काम कोणी केले ते सांगणार नाही' या वचनाच्या बदल्यात त्याने पुन्हा फटी पाडून दिल्या. मग तळाशी लोणारी कोळशाचे ढेकूळ, विटांचे तुकडे, एक दिवस पाण्यात भिजवून काढलेली नारळाची सोडणे आणि त्यांवर काथ्याच्या दोरीने ताणून बसवलेले रोप, असा सगळा थाट जमला. आणि त्यानंतर पाण्याचे प्रकरण उद्भवले.

त्या प्रकरणाच्या मुळाशी मूळच होते. या वनस्पतीची जाड मुळी कोरडी असते तेव्हा रुपेरी-पांढरी दिसते, कारण तिच्यावर पोकळ, मृत पेशींचे सच्छिद्र आवरण असते. त्यावर पाणी पडले की ते क्षणार्धात टिपले जाते, आवरण पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग डोळ्यांदेखत वर येतो. प्रथम थेंब पडतो तेथे हिरवा ठिपका उमटतो, मग तो लांबट होतो, कडेने पसरत पसरत शेजारच्या ठिपक्याला मिळतो आणि बघता बघता सगळी मुळी रसरशीत हिरवी होऊन बसते. टोक तेवढे आधीपासूनच हिरवे असते, ते तसेच. हा चमत्कार मी एकदा नातवाला दाखवला. नातवाने तो शाळेतील सोबत्यांना दाखवला. सोबत्यांनी आपापल्या धाकट्या भावंडांना आणले. पहिल्या तुकडीने हिरव्या केलेल्या मुळ्या दुसरी तुकडी येईपर्यंत वाळत नसल्याने दुसऱ्या तुकडीची निराशा होई, आणि मग हातपंख्याने मुळ्या वाळवून पुन्हा भिजवण्याचा उपक्रम सुरू होई. शिवाय सकाळी सौभाग्यवती पूजेचे तीर्थ त्यातच ओतीत. आमचे थोरले बंधू अण्णा पहाटे फिरून आल्यावर, 'कोणाचे लक्ष नसते' असे स्वतःशीच म्हणत तांब्याभर पाणी घालीत. आणि मी तर पुस्तकाप्रमाणे घालीतच होतो.

शेंड्यापाशी, जेथे पाने एकमेकांत गुंतलेली असतात, त्या खळग्यात पाणी साचून राहिले तर झाड कुजते, हे वाचल्यावर मी एक पाणीपत्रक तयार केले आणि त्यात दिनांक, वेळ, पाण्याचा तपशील व पाणी घालणाराची स्वाक्षरी असे रकाने आखून ते टोपलीशेजारी दोऱ्याने टांगले. अण्णांनी पहिल्याच दिवशी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, 'मी पाणी घातले नाही. फक्त तांब्या रिकामा केला.' सौभाग्यवतींनी तीर्थ हे पाणी आहे असे मानण्यास नकार दिला. नातवाच्या मित्रमंडळींपैकी जे स्वाक्षरी करण्याच्या वयाचे नव्हते त्यांनी अंगठे उठवले. पुढील पावसाळ्यात ते पत्रकच भिजून कुजले. झाडाची दोन पाने मात्र त्याच्या आधीच गेली होती.

खताविषयी लिहीत बसत नाही. आजारी माणसाला पथ्य सांगणारे जितके भेटतात तितकेच ऑर्किडवाल्याला खत सांगणारे भेटतात, आणि चहाचा चोथा, ताकाची निवळी, तांदळाचे धुवण, सुकटीचे पाणी यांपैकी काहीना काही आमच्या टोपलीत आमच्या अपरोक्ष पडत गेले. सुकटीच्या पाण्यानंतर वर उल्लेखिलेल्या मांजराने टोपलीवर जी मालकी सांगितली ती अद्याप सोडलेली नाही.

दुसऱ्या रोपाची तजवीज मी झाडावर करण्याचे ठरवले. आमच्या आवारात झाड नव्हते. पण शेजारी राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या, म्हणजे गुरुजींच्या आंब्याची एक खरबरीत सालीची फांदी कुंपणावरून आमच्या बाजूस आलेली होती, तीवर सकाळचे ऊन पानांतून गाळून पडत होते आणि पावसाचे पाणी फांदीच्या बेचक्यात न साचता खाली ओघळत होते. याहून उत्तम जागा ऱ्हेडेलाही सापडली नसती. मी गुरुजींकडे ना-हरकत दाखला मागितला. त्यांनी तो नाकारला नाही. पण चार दिवस विचार करून त्यांनी जो दस्तऐवज मला दिला तो वाचून मला माझ्या उभ्या नोकरीची लाज वाटली. सदर वनस्पतीस सदर फांदीवर फक्त तात्पुरते वास्तव्य करण्याची मुभा राहील. १९४८ च्या कूळकायद्याचा आधार घेऊन तिला वा तिच्या वतीने अन्य कोणास फांदीवर कोणताही हक्क सांगता येणार नाही. आंब्याच्या मोहोरास कमी-अधिक झाल्यास ते तिच्यामुळेच झाले असे समजण्यात येईल. आणि फुले आल्यास त्यांचा सुवास उभय पक्षांनी समसमान घ्यावा, असा एकंदर मजकूर होता.

मी सही केली. मृगाच्या आधी, म्हणजे नव्या मुळ्या फुटण्याच्या ऐन हंगामात, रोप काथ्याने फांदीला आवळून बांधले. काथ्या कुजून गळून पडेपर्यंत मुळ्यांनी सालीला घट्ट मिठी मारलेली असते, त्यामुळे पुढे सोडवण्याचेही कारण पडत नाही. आणि फांदी शिडीवाचून हाताला येत नसल्यामुळे, व शिडी गुरुजींच्या माडीवर कुलूपबंद असल्यामुळे, त्या रोपाकडे नंतर कोणीही फिरकले नाही.

टोपलीतील रोप मात्र लोकाश्रयात वाढत होते. एके वर्षी चैत्रात त्याच्या पानाच्या बगलेतून एक टवटवीत, हिरवे, टोकदार बोंड बाहेर आले. मला ते मुळीसारखे वाटले, पण गुरुजींनी चष्मा बदलून, ते दोन्ही बाजूंनी पाहून, छडीने त्याकडे निर्देश करीत सांगितले, "तुरा."

"मुळी नसेल ना?"

"मुळी खाली जाते. हा वर चालला आहे. तुरा."

चाळीस वर्षे ज्यांनी मुलांना निर्विवाद उत्तरे दिली त्यांच्याशी वाद घालणे मला प्रशस्त वाटले नाही. सीतेच्या वेणीचा तुरा म्हणजे वीत-दीड वीत लांबीचा, गच्च विणलेला, खाली लोंबणारा घोस असतो. पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट-गुलाबी ठिपके असलेली शंभराहून अधिक फुले त्यावर दाटीने बसलेली असतात. हे वर्णन गुरुजींनी वसाहतीत घरोघर जाऊन केले. लोक येऊ लागले. भिशी आमच्याकडे भरली. पोह्यांच्या पराती उठल्या. बोंड रोज लांबत होते आणि रोज नवा पाहुणा त्याची लांबी बोटांनी मोजून 'आता दोन दिवसांत' असे भाकीत करून चहा पीत होता. अखेर ते आडवे वळले, सरळ भिंतीकडे गेले आणि चुन्याला चिकटून बसले.

गुरुजींनी जवळ येऊन बराच वेळ पाहिले.

"तुरा भिंतीला चिकटतो," ते म्हणाले, "ही माहिती पुस्तकांत यायला हवी."

आणि मग ज्येष्ठाच्या आरंभी एका सकाळी दूधवाल्याने फाटकातूनच ओरडून विचारले, "सायेब, आंब्याला हे काय लोंबतंय?" ज्या रोपाला कोणी पाणी दिले नव्हते, खत दिले नव्हते, ज्याच्या शेजारी पाणीपत्रक नव्हते आणि ज्याला पाहून कोणी पोहे खाल्ले नव्हते, त्याच्या बगलांतून दोन लांबलचक तुरे फांदीखाली झुलत होते, आणि वाऱ्याबरोबर मंद सुवास कुंपणाच्या दोन्ही बाजूंस, करारातील शर्तीप्रमाणे, समसमान पसरत होता. मुळ्या गुरुजींच्या हद्दीत आणि तुरे आमच्या हद्दीत असल्याने मालकीचा प्रश्न तत्काळ उपस्थित झाला. परंतु तो सोडवायला सवड मिळाली नाही, कारण वटपौर्णिमा तोंडावर आली होती.

मी एका दुर्दैवी क्षणी भिशीतील भगिनींना अशी माहिती दिली होती की आसामात या फुलाला कपौ फूल म्हणतात, तेथे ते राज्याचे फूल मानले जाते, आणि बोहाग बिहूच्या सणात नाचणाऱ्या मुली ते अंबाड्यात माळतात. माझा हेतू केवळ ज्ञानप्रसाराचा होता. पण दुसऱ्याच दिवशी एक भगिनी, वडाला जाताना माळायला एक तुरा हवा, असे सांगत आल्या. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या आल्या त्या केसांची लांबी सुतळीवर मोजूनच.

"अहो, एवढं झाडावर वाळून जाण्यापेक्षा कुणाच्या तरी केसांत शोभलं तर बिघडलं कुठं?"

तुरे दोन, अंबाडे असंख्य. सौभाग्यवतींनी निर्णय दिला की कोणालाच नाही. आणि या निर्णयाची अंमलबजावणी गुरुजींनी फांदीखाली आरामखुर्ची टाकून, हातात छडी घेऊन, वटपौर्णिमेच्या सकाळपासून केली. त्यांच्या स्वतःच्या सुनेने दुपारी डुलकीच्या वेळी केलेला प्रयत्न त्यांनी हाणून पाडला असे म्हणतात. त्या घरी त्या रात्री स्वयंपाक उशिरा झाला.

फुले यथावकाश गळाली. एका तुऱ्याच्या मध्यावर मात्र एक हिरवी शेंग धरली. हे कोण्या अनामिक कीटकाचे काम. या कुळात पराग सुटा नसतो, त्याचे चिकट गोळे कीटकाच्या डोक्याला चिकटून दुसऱ्या फुलावर जातात. डार्विनसारख्या माणसाने १८६२ साली यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गुरुजींना शेंग दिसताच त्यांनी रोपाची मागणी नोंदवली. त्यांच्या मागोमाग दूधवाला आला, सुतार आला (टोपलीसह), सुतळीवाल्या भगिनी आल्या. मी सर्वांना समजावून सांगितले की शेंगेत हजारो बिया असल्या तरी त्या धुळीइतक्या सूक्ष्म असतात, त्यांच्यापाशी शिदोरी म्हणून काही नसते, आणि विशिष्ट बुरशीने येऊन त्यांना पोसल्याशिवाय रानात त्या रुजतच नाहीत. ही गोष्ट नोएल बर्नार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये शोधली.

"बुरशी?" गुरुजी म्हणाले. "ती आमच्या लोणच्यात पुष्कळ आहे."

"ती नव्हे, गुरुजी. आणि नाहीतर मग १९२२ साली अमेरिकेत नड्सनने काढलेली रीत आहे. निर्जंतुक बाटलीत साखर आणि क्षार घातलेल्या अगारच्या थरावर बिया पेरायच्या. त्यालाही सुसज्ज प्रयोगशाळा लागते."

"आणि फूल कधी येईल?"

"आधी शेंग पिकायलाच कित्येक महिने. मग रुजवण, मग निदान पाच-सहा वर्षे."

गुरुजींनी बोटांवर आपले वय मोजले, पुन्हा मोजले आणि घरी गेले. संध्याकाळी त्यांचा लेखी अर्ज आला. त्यात त्यांनी एक रोप राखून ठेवण्याची विनंती करून, फुलण्याच्या वेळी अर्जदार हयात नसल्यास सदर रोपाचा ताबा धाकट्या मुलाच्या मुलास द्यावा, असे वारसपत्र जोडले होते. मी अर्जावर आवक क्रमांक टाकून तो फाईलला लावला. त्यावर ठाण्याहून थोरल्या मुलाचा हरकतीचा अर्ज नोंदणीकृत टपालाने आलेला आहे. त्यांचे म्हणणे असे की फांदी वडिलोपार्जित असल्याने शेंगेत त्यांचाही हिस्सा निघतो, आणि वाटणी होईपर्यंत शेंग पिकू देऊ नये.